कोल्हापुरातून जैसलमेरला बिऱ्हाड हलवताना: लहान पोरं असलेल्या घरासाठी

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तयार झालेली बरीच पोरं आता पवनचक्क्यांच्या आणि सौर प्रकल्पांच्या कामावर राजस्थानात जातात. आधी एकटी जातात, दोघं-तिघं मिळून खोली घेतात. वर्षभरानं बायको-मुलांना न्यायचं ठरलं की आमच्या राजारामपुरीतल्या घरी फोन येतो, "वहिनी, तुम्ही तीन वर्षं काढलीत तिथं. बारक्याला न्यावं का?"

न्या. आम्ही गेलो तेव्हा आमची थोरली चार वर्षांची होती आणि धाकटा दहा महिन्यांचा. दोघंही तिथं चांगली वाढली, उन्हाळ्यातसुद्धा रोज बाहेर खेळली. पण पहिले दोन महिने आम्ही कोल्हापूरच्या घड्याळानं जगायला गेलो आणि पोरांचे हाल झाले. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत आले ते इथं सलग लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडं रविवारी "कुठं जायचं?" असं विचारतात. वाळवंटात आधी "किती वाजता?" असं विचारायचं. तीच जागा सकाळी सातला पोरांचं अंगण असते आणि दुपारी एकला तव्यासारखी तापते.

आधी महिना ठरवा

बिऱ्हाड ऑक्टोबरच्या मध्यानंतर हलवा. दिवाळी इथं करून गेलात तरी चालेल. तेव्हापासून मार्चपर्यंत हवा सुखाची असते आणि पोरांना ती सवयीची व्हायला चार-पाच महिने मिळतात. आम्ही शाळेच्या प्रवेशाचा विचार करून एप्रिलमध्ये गेलो, ती चूक होती. १९ मे २०१६ रोजी त्याच भागातल्या फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. दर वर्षी तेवढं चढत नाही, पण मे-जूनमध्ये ४५ अंश ही नवलाची गोष्ट नाही. ऑक्टोबरात जाणं जमणारच नसेल, तर नवऱ्यानं पुढं जाऊन घर लावावं आणि मुलांनी उन्हाळा आजोळी काढावा.

हिवाळ्याला हलकं समजू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो. कोल्हापुरात जे स्वेटर कपाटातच राहतात ते तिथं पुरत नाहीत. कानटोपी, पायमोजे, जाड रग, सगळं लागतं.

इथून काय न्यायचं

भांडी-कुंडी नेऊ नका, तिथं सगळं मिळतं. मिळत नाही ते आपल्या तोंडाला लागलेलं. कांदा-लसूण मसाला वर्षाचा न्या, मात्र उन्हाळ्यात त्याचा हात आखडता ठेवा. ज्वारीचं पीठ तिथं सहजासहजी मिळत नाही, बाजरी हवी तेवढी मिळते. आपण बाजरीची भाकरी थंडीत, भोगीला करतो. तिथंही ती मुख्यतः थंडीतच खातात, म्हणजे तेवढं जुळतं. नाचणीचं पीठ मात्र आठवणीनं न्या. रात्री भिजवून सकाळी केलेली, ताक घातलेली पातळ आंबील आमच्या दोन्ही पोरांनी तीन उन्हाळे प्यायली, आणि ऊन उतरवायला मला तिच्याइतकं दुसरं काही सापडलं नाही. तिथल्या घरांत त्याच जातीची राबडी असते, बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली. शेजारणीकडून शिकून घ्या.

कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. उन्हाळा म्हणून पोरांना बनियन-चड्डीवर सोडायची आपली सवय तिथं मोडावी लागते, कारण उघडी कातडी भाजते. अंग झाकलेलं बरं. बायकांनी दोन-तीन मोठ्या सुती ओढण्या घ्याव्यात. त्या सावली देतात, आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळात, नाका-तोंडावर बांधता येतात, बाळाला पाजताना आडोसा होतात, आणि ओल्या करून अंगावर टाकल्या की थंडावा देतात. कोल्हापुरी चप्पल लग्नकार्यासाठी असू द्या. वाळूवर तिचा उपयोग नाही, बाजूनं तापलेली वाळू थेट तळव्याला लागते. पोरांना बंद बूट आणि मोजे लागतील.

घर बघताना

वरचा मजला स्वस्त मिळतो. घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि बाळ झोपत नाही. तळमजला किंवा मधला मजला बघा. जुन्या पिवळ्या दगडाचं जाड भिंतीचं घर मिळालं तर भाडं थोडं जास्त गेलं तरी घ्या. पश्चिमेच्या खिडक्या कमी असाव्यात. गच्ची तुमच्या ताब्यात असेल तर मार्चमध्ये तिला चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, खालच्या खोलीत फरक कळतो.

टाकी गच्चीवर असते. मे महिन्यात दुपारी नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. मी आंघोळीचं पाणी पहाटेच बादल्यांत भरून न्हाणीघरात झाकून ठेवायची. पोरांना नळाखाली थेट कधीही धरू नका, आधी आपला हात धरा.

कूलर तिथं छान चालतो, कारण हवा कोरडी असते. इथं कोल्हापुरात जुलैत कूलर लावला तर नुसती चिकचिक होते. पण कूलर लावताना समोरची खिडकी बोटभर उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा त्यातलं पाणी पूर्ण काढून टाकी घासायची. त्या साठलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात, आणि वाळवंटात डास कुठले, या समजुतीत लोक राहतात. पाणी जड असतं, जाळीवर पांढरे थर चढतात. पिण्यासाठी शुद्धीकरणाचं यंत्र बसवाच.

पाण्याबद्दल आणखी एक. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५०० सेंटीमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला सरासरी २० सेंटीमीटरच्या आसपास. शहराला आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, पण आजूबाजूच्या ढाण्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, अजून पावसाचं पाणी टांक्यात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, साठवतात. कुणाच्या घरी गेलात आणि पोरानं अर्धा पेला पिऊन उरलेलं पाणी ओतून दिलं, तर कुणी बोलणार नाही, पण ते बघवणारही नाही त्यांना. पोरांना पाणी थोडं मागायला आणि लागलं तर पुन्हा मागायला शिकवा. माझ्या थोरलीला हे आठ दिवसांत जमलं.

दिवसाची घडी

जैसलमेर आपल्यापेक्षा पश्चिमेला आणि बरंच उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथं पावणेआठपर्यंत सूर्य असतो आणि जानेवारीत साडेसातनंतर उगवतो. त्यामुळं कोल्हापूरची वेळ तशीच लावून चालत नाही.

आमची उन्हाळ्याची घडी अशी बसली. पहाटे साडेपाचला पोरं उठवायची. सहा ते आठ बाहेर, बागेत नाहीतर गल्लीत, सायकल, चेंडू, जे काय ते. साडेआठला खिडक्या बंद, पडदे ओढलेले. त्याच्या आधी घरातली गार हवा कोंडून घ्यायची, दहा वाजता खिडकी लावून उपयोग नसतो. मधला सगळा वेळ घरात. जेवण साडेअकराला हलकं, मग दोन-अडीच तासांची झोप. संध्याकाळी सात वाजेपर्यंत दार उघडायचं नाही, पोरांनी कितीही धोशा लावला तरी. साडेसात ते नऊ पुन्हा बाहेर. तिथं नऊ वाजता पोरं गल्लीत खेळताना दिसतील. त्यांच्या आया बेफिकीर नाहीत, तीच त्यांची संध्याकाळ.

थंडीत हे उलटं. सकाळी नऊच्या आत बाळाला बाहेर काढू नका. अकरा ते चार ही फिरायची वेळ.

दूध सकाळी तापवलेलं दुपारपर्यंत नासतं, म्हणून दोनदा घ्या. विरजण मे महिन्यात तीन-चार तासांत लागतं. दुपारच्या ताकासाठी सकाळीच लावा.

ऊन लागलं तर

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचा, आजी-आजोबा येणार असतील तर त्यांनीही.

लहान पोर तहान लागली म्हणून सांगत नाही. ते किरकिरतं, मग मलूल होतं. लघवीवर लक्ष ठेवा. पाच-सहा तास झाली नाही किंवा गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, कितीही उन्हाळा असला तरी. त्याला जास्त वेळा अंगावर पाजायचं आणि आईनं स्वतः भरपूर प्यायचं. मोठ्या पोरांना आंबील, ताक, पन्हं, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत. ओआरएसची पाकिटं घरात आणि गाडीत दोन्हीकडं असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका.

अंग तापलंय, पोर बरळतंय, डोळे फिरवतंय, उलट्या होतायत किंवा झटका आला, तर तो साधा ताप नव्हे, उष्माघात. पॅरासिटामॉलनं तो उतरत नाही. सावलीत घ्या, कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. थंड करणं आधी सुरू करा, गाडीची वाट बघत बसू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पाच मिनिटांसाठीसुद्धा पोराला बंद गाडीत ठेवायचं नाही. एसी चालू आहे, म्हणूनही नाही.

कोरड्या हवेनं नाकाचा घोळणा फुटणं तिथं नेहमीचं आहे. आपल्याकडं डोकं मागं करून झोपवतात, ते चुकीचं. पोराला बसवा, थोडं पुढं वाकवा, नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं दाबून धरा. रात्री नाकपुड्यांना आतून जरासं तूप किंवा व्हॅसलिन लावलं की आमच्याकडं हे बरंच कमी झालं.

आंधी, काटे, साप

एप्रिल ते जूनमध्ये धुळीचं वादळ येतं. क्षितिजावर तांबूस-तपकिरी भिंत दिसली की दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. दोरीवरचे कपडे, पोरं, खिडक्या, या क्रमानं नव्हे, पोरं आधी. दाराच्या फटीला ओलं फडकं लावा. वादळ गेल्यावर आधी कोरडा केर काढायचा, मगच पुसायचं. पहिल्या वेळी मी थेट ओलं पोतेरं मारलं आणि सगळ्या घराला चिखलाचा हात बसला.

सराटे आपल्या माळावर असतात तसे तिथंही आहेत. त्यांच्या जोडीला भुरट नावाचं गवत असतं, त्याची बारीक काटेरी फळं मोज्यांना, फ्रॉकला, केसांना चिकटतात. हातानं ओढू नका, बोटात घुसतात. केसांच्या कंगव्यानं निघतात.

फुरसं कोकणातल्या लोकांना ओळखीचं आहे, तेच तिथं वाळूत असतं. अंग एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. तो आवाज पोरांना सांगून ठेवा. दगड उचलायचा नाही, बिळात काठी घालायची नाही. पण मला जास्त भीती वाटली ती मण्यारीच्या जातीच्या सापाची, त्याला तिकडं पीवणा म्हणतात. झोपलेल्या माणसाचा श्वास पितो अशी लोकांची समजूत आहे. खरं असं की तो रात्री चावतो आणि दंश जवळजवळ दुखत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. गच्चीवर किंवा अंगणात झोपायचं तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. चावल्याचा संशय आला तरी सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही.

बाहेर पडायला सुरुवात

पहिल्याच रविवारी वाळूच्या टेकड्यांवर धावू नका. गडीसर तलावापासून सुरुवात करा. रंकाळ्यावर वाढलेल्या पोरांना तिथं घरच्यासारखं वाटतं. पायऱ्या, दगडी छत्र्या, होडी, आणि काठाशी पोळीच्या तुकड्यासाठी गर्दी करणारे मोठे मासे. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी तो शहराच्या पाण्यासाठी बांधून घेतला. कडेला कठडा नाही, लहान पोराचा हात सोडू नका.

दुसरी खेप किल्ल्याची. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये तो बांधायला घेतला आणि आजही आत लोक राहतात. पन्हाळ्यावर जसं गाव नांदतं तसंच. बोळ अरुंद असल्यामुळं सावली असते. बाबागाडी नेऊ नका, दगडी चढ आणि दुचाक्या यांच्यात तिचा ताप होतो. बाळ पाठीशी बांधा.

मग आकल. शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर, बाडमेर रस्त्याला. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथं जमिनीवर पडलेत. पाच-सहा वर्षांच्या पोरांना हे भारी आवडतं, कारण लाकूड दिसतं आणि हात लावला तर दगड. सावली अजिबात नाही, तासाभरात आटपा.

कुलधरा या ओस पडलेल्या गावाला सगळे भुताच्या गोष्टींसाठी जातात. मुलांना त्या ऐकवू नका, तिथली खरी गोष्ट जास्त मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं पालीवाल ब्राह्मणांची वस्ती होती आणि या लोकांनी वाळवंटात गहू पिकवला. उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचं वाहून आलेलं पाणी शेतात अडवायचं, ते मुरलं की ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. याला खडीन म्हणतात. जैसलमेरच्या आसपास अजून खडीनं चालू आहेत. जानेवारीत त्या तांबड्या मुलखात मधेच हिरवा गहू दिसतो, तो पोरांना दाखवाच. राधानगरी धरण बघून आलेल्या पोराला बांध म्हणजे काय ते लगेच कळतं.

वाटेत खेजडी दिसेल. तीच आपली शमी. दसऱ्याला दसरा चौकात जिचं पूजन होतं, ती तिथं शेताशेतात उभी असते. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, केर नावाची रानफळं घालून तिची भाजी करतात. पाला शेळ्या खातात. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी जीव दिला. सहलीला गेल्यावर शेकोटीसाठी तिची फांदी तोडू नका, वाळलेलीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका.

माळढोक बघायचा असेल तर डेझर्ट नॅशनल पार्क. सोलापूरजवळ नान्नजला जो आता जवळपास दिसेनासा झाला, त्याला तिकडं गोडावण म्हणतात, आणि जगातले उरलेले बहुतेक सगळे जैसलमेरच्या परिसरातच आहेत, दीडशेच्या आसपास. हा वजनदार पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो. आमच्या घरचं पोट पवनचक्कीवर चाललं होतं, म्हणून मी हे पोरांना मुद्दाम सांगितलं. त्या तारांशी आपलाही संबंध आहे, हे त्यांना माहीत असावं असं मला वाटलं. आम्हाला तीन खेपांत एकदाच दिसला, लांबून. गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. चार वर्षांच्या आतलं पोर असेल तर हे जमत नाही, थांबा.

थंडीत एकदा फलोदीजवळच्या खिचनला जा. हजारो कुरजां, म्हणजे करकोचे, तिथं गावकऱ्यांनी घातलेलं धान्य खायला सकाळी उतरतात. अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त आहे, आदल्या रात्री मुक्कामाला जावं लागतं. सीमेजवळच्या तनोट आणि लोंगेवाला यांचं आकर्षण आपल्याकडच्या फौजी घरांना असतंच, पण तो दिवसभराचा रखरखीत प्रवास आहे. मुलं पाच वर्षांची झाल्यावर न्या आणि निघताना टाकी पूर्ण भरा.

गाडी

वाळूत गाडी घालायची नाही, डांबरावरच ठेवायची. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खाली जातं. चाकापुढची वाळू हातानं काढा, पायपुसणी चाकाखाली घाला, टायरमधली हवा थोडी कमी करा. तरीही निघाली नाही तर गाडी सोडून चालत सुटू नका. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. कुठं जातोय आणि कधी परतणार हे शेजारी सांगून निघा, फोनची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. अंधार पडल्यावर लांबचा प्रवास टाळा, उंट आणि गायी रस्त्यातच बसलेल्या असतात. पाणी आम्ही माणशी चार लिटर धरायचो आणि अर्धं संपलं की जिथं असू तिथून परत फिरायचो.

पहिली वाळू

वाळूच्या टेकड्या बघायला सगळे सम गाठतात. मी खुरी सांगेन. दोन्ही शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, पण समला तंबूंची रांग, मोठ्यानं गाणी आणि टेकड्यांवर जीप उडवणं चालतं. एका जीपवाल्यानं आमच्या थोरलीला मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या जावेला असं आपटलं की तिचं कंबरडं महिनाभर धरलं होतं. लहान पोर घेऊन त्या जीपमध्ये बसू नका.

नोव्हेंबरातला दिवस धरा. जेवून अडीचला निघा, साडेतीनच्या सुमाराला पोचा. पोरांना भडक रंगाचे कपडे घाला, लाल किंवा केशरी. टेकडीपलीकडं गेलेलं पोर मिनिटात दिसेनासं होतं आणि वाऱ्यानं पावलंही पुसतात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. नियम एकच ठेवा: आई दिसत नाही तिथं जायचं नाही. उंटावर बसायचं तर पोर मोठ्या माणसाच्या पुढ्यात. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, बसताना आधी पुढचे मोडतो. दोन्ही वेळा माणूस पुढं फेकला जातो, म्हणून दोन्ही वेळा मागं रेला.

मग त्यांना सोडा. घसरू द्या, लोळू द्या, खड्डे खणू द्या. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या, वाळू लागलेल्या हातांनी खाता येणारं तेच एक जेवण आहे. सूर्य टेकला की वाळू झपाट्यानं गार पडते. त्याच्या आधीच स्वेटर चढवा, पोरं खेळण्यात असतात, थंडी वाजते म्हणून सांगत नाहीत. पूर्ण अंधाराच्या आत डांबरावर या.

घरी पोचेपर्यंत दोघंही झोपलेली असतील. तशीच आत न्या, पण बूट दाराबाहेर काढा आणि तिथंच उलटे करून झटका, दोन्ही मिळून ओंजळभर वाळू निघते. सकाळी घालायच्या आधी ते पुन्हा एकदा झटकायचे, रात्रीत विंचू आत शिरतो.